काईचं संगीत बदललं म्हणून अख्खं अ‍ॅनिमे चोर?

तबकडी: काल एकाने पोस्ट टाकलीय की अ‍ॅनिमेचं पार्श्वसंगीत म्हणजे निव्वळ ढापाढापी, ड्रॅगन बॉल काई (ड्रॅगन बॉल झेडची नव्याने संपादित आवृत्ती) पकडली गेली आणि इव्हँगेलियन ऊर्फ इव्हा सुटलं, फरक तेवढाच. कालपासून डोक्यात जातंय ते. उघडपणे वापरलेलं आणि लपवून उचललेलं, दोन्ही एकाच पोत्यात भरलंय. लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज या अ‍ॅनिमेत माहलर, ब्रुकनर हे जुने युरोपीय संगीतकार वाजतात ते पूर्व जर्मनीतल्या रेकॉर्डिंग्ज घेऊन, राजरोस. त्याच्या १९८८ च्या पहिल्या सिनेमात लढाईवर राव्हेलचा बोलेरो आहे, ड्रमचा एकच ठेका शेवटपर्यंत, वरून एकेक वाद्य चढत जातं आणि लढाई तशीच तापत जाते. इव्हाच्या २४व्या भागात कावोरू हा मुलगा महाकाय यंत्राच्या मुठीत धरलेला, चित्र जवळजवळ मिनिटभर हलत नाही आणि बीथोव्हनची नववी चालूच. तिथे 'तसंच काहीतरी' लावून बघा, प्रसंग मेलाच.

रात्रपाळी: बीथोव्हनवर कोण भांडतंय? इव्हातल्या लढाईच्या तुकड्याचं, सागिसूंच्या 'डिसिसिव्ह बॅटल'चं बोला. ते टिंपनीचे ठोके आणि १९६३ च्या बाँडपटातलं जॉन बॅरीचं संगीत लागोपाठ ऐका आणि मग सांगा. मी नऊ वर्षं जिंगल करतोय, क्लायंट गाणं पाठवतो आणि म्हणतो 'अगदी असंच, पण हेच नको'. एकदा रात्री अडीचला चार स्वर इकडेतिकडे करून दिलं, दोन महिन्यांनी नोटीस आली, एजन्सीने हात वर केले, माझे पैसे आजतागायत अडकलेत. त्यामुळे 'प्रेरणा' वगैरे मला ऐकवू नका.

तबकडी: वाईट झालं तुमचं, खरंच. पण तुमच्याच गोष्टीत दोष मागणाऱ्याचा आहे ना? जपानी टीव्ही मालिकेत संगीतकार बहुतेक वेळा चित्र बघून लिहीतच नाही. त्याला यादी मिळते, एम-१, एम-२, हा तणाव, हा रोजचा दिवस, ही लढाई. सगळं आधी रेकॉर्ड होऊन पडतं आणि ध्वनिदिग्दर्शक त्यातून भागाभागाला निवडून लावतो.

पानशेत: आणि रीतसर हक्क घेतले तरी काय होतं? २०१९ मध्ये इव्हा नेटफ्लिक्सवर आलं तेव्हा बऱ्याच देशांत भागाच्या शेवटचं फ्लाय मी टू द मून हे गाणं गायब. मी तर ते गाणं ऐकायलाच थांबायचे.

जर्सीकर: काईचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेत १९९९ पासून ड्रॅगन बॉल झेडला ब्रूस फॉल्कनरचं संगीत होतं आणि मला तेच आवडतं. मूळ जपानी संगीतकार किकुचींचं ऐकलं की सत्तरच्या दशकातला मारधाडपट वाटतो.

तबकडी: अरे, डोरेमॉनचं १९७९ चं गाणं त्याच शुन्सुके किकुचींचं! कामेन रायडरही त्यांचंच. जिथे त्यांनी शांतता ठेवली तिथे तुमच्या अमेरिकन वितरकांनी गिटार कोंबली, खलनायक फ्रीझासमोर नायक गोकू नुसता उभा असला तरी ढणढण. मूळ माणसाचं काम पुसून टाकणं हे ढापण्यापेक्षा वाईट.

जर्सीकर: कोंबली म्हणे. दादा, आई-बाबा दोघं कामावर, मी शाळेतून यायचो ते रिकाम्या घरात, बाहेर बर्फ. ती गिटार सुरू झाली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. फॉल्कनरने कुणाचं चोरलं नाही, नवीन केलं. तुम्ही माझ्या लहानपणाला नकली म्हणताय.

पानशेत: दोघंही आवाज कमी करा.

तबकडी: लहानपणाला नाही म्हटलं. तेवढा शब्द मागे. संगीताबद्दलचा नाही.

रात्रपाळी: गिटार राहू द्या. यादीचं मला माहीत नव्हतं, ते ठीक. पण ९ मार्च २०११ ला काई बनवणाऱ्या तोएई कंपनीने जाहीर केलं की काईचे संगीतकार केन्जी यामामोतोंच्या काही तुकड्यांमुळे दुसऱ्यांच्या हक्कांना बाधा येत असावी, आणि किकुचींचं जुनं संगीत परत लावलं. नाव गेलं ते संगीतकाराचं. तुकडे ऐकून, निवडून लावणाऱ्यांचं कुणी काढतं का? माझ्या नोटिशीवरही माझं एकट्याचंच होतं.

तबकडी: हे मान्य. आणि आत्ता हेडफोन लावून दोन्ही ऐकलं, बाँडचे ठोके ऐकू येतात, नाही म्हणवत नाही. तरी सागिसूंना चोर म्हणणार नाही.

जर्सीकर: आणि मी गिटार सोडणार नाही.