चाचणीचे पैसे दरपत्रकातच धरावेत
फिगमा या स्क्रीन आखण्याच्या सॉफ्टवेअरवर सफाईने हात चालणे हेच स्वतंत्र यूएक्स डिझायनरचे (ॲप, संकेतस्थळे वापरायला सोपी जावीत अशी आखणाऱ्याचे) खरे भांडवल, असे म्हटले जाते; या मताशी मी अर्धाच सहमत आहे. देखणे स्क्रीन काढणारे पुष्कळ आहेत. ते वापरणाऱ्यांसमोर ठेवून पाहण्याचा खर्च दरपत्रकात आधीच धरणारे मात्र थोडे, कारण ग्राहक "ते नंतर बघू" म्हणतो आणि काम हातचे जाईल या धास्तीने आपणही गप्प बसतो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले होते की पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. हा आकडा सर्वत्र लागू पडत नाही हा आक्षेप रास्त आहे, पण शून्यापेक्षा पाच केव्हाही बरे.

एका पतसंस्थेच्या ॲपमध्ये पत्ता बदलण्याच्या अर्जाखाली मी 'सबमिट'साठी सरळ 'जमा करा' असे बटण दिले होते. चाचणीत पाचपैकी तिघे तिथेच थांबले आणि एका आजींनी चष्मा सावरत विचारले, "किती जमा करायचे?" ते बटण 'अर्ज पाठवा' झाले. शिवाय रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या ओळींमुळे वरच्या मात्रा कापल्या जात होत्या, हेही त्याच दुपारी दिसले. तेव्हापासून चाचणीची एक फेरी मी करारात स्वतंत्र बाब म्हणून लिहितो आणि ती वगळायची असल्यास ग्राहकाकडून तसे लेखी घेतो.