मदत हवी आहे: केसीईटीच्या रँकवरून सीटचा अंदाज

नमस्कार मंडळी. आमची मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत गावच्याच शाळेत शिकली, त्यामुळे रुरल कोटा लागू आहे. केसीईटीला (इंजिनिअरिंग वगैरेसाठीची कर्नाटकची प्रवेश परीक्षा) रँक ४१ हजारांच्या आसपास आलीय. बेळगावातले एक सल्लागार म्हणतात, "सीएस (कॉम्प्युटर सायन्स) नक्की, १२ हजार भरा." मोबाईलवरचं ॲप मात्र 'शक्यता कमी' दाखवतं. ते ॲप कल्याण कर्नाटकचा (बिदर, कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांसाठी राखीव असलेला) ३७१-जे कोटा धरून तर आकडा काढत नसेल ना? तो आपल्या जिल्ह्याला लागू नाही.

केईएच्या (ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं कर्नाटकचं प्राधिकरण) गेल्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट काढून मुलगी रोज पेन्सिलीने खुणा करत बसते. पाहून जीव तुटतो.

मॉक अलॉटमेंटनंतर (म्हणजे जागांच्या चाचणी वाटपानंतर) कॉलेज-शाखांच्या ऑप्शनचा क्रम बदलता येतो, मग आधीच पैसे कशाला भरायचे? सीमाभागातल्या मुलांसाठीच्या जागेवर महाराष्ट्रात कुणी प्रवेश घेतलाय का? कागदपत्रं काय लागली, कृपया सांगा.