खरी गोम मंडळाच्या सरासरीत
एक रुपयातला पीकविमा बंद केला म्हणून शेतकरी बुडाला, असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. एक रुपयाची योजना खरीप 2023 ला आली; त्याच्या आधीही सोयाबीनला आपला हप्ता विमा रकमेच्या 2 टक्क्यांच्या वर नव्हता. उरलेला केंद्र-राज्य भरायचे. गोम भरपाईच्या हिशेबात आहे. उंबरठा उत्पादनासाठी (उत्पादन ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते) मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 धरतात, पण तुलना अख्ख्या महसूल मंडळाच्या (अनेक गावं मिळून एक) सरासरीशी. आमचं रान ओढ्याकाठी. शेंगा भरताना चार दिवस पाण्यात, मुळं कुजली. वरच्या माळावर मात्र पीक बरं, म्हणजे सरासरी शाबूत! पूर्वी 72 तासांत ॲपवर कळवलं की (रेंज मिळाली तर) निदान पंचनामा तरी व्हायचा. 2025 मध्ये महाराष्ट्रात ती सोय काढली आणि भिस्त मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आली, म्हणजे मंडळातल्या काही निवडक प्लॉटमधलं पीक कापून उत्पादन मोजायचं. तुमच्या गावात प्लॉट कुणाच्या रानात पडलाय, विचारलंय का कधी?