मदत हवी आहे: मोरी तुंबून ओढ्याचं पाणी सोसायटीत येतं, तक्रार मात्र 'निराकरण झाले'

ओढाकाठी:
महापालिका हद्दीतली ३६ सदनिकांची सोसायटी. सीमाभिंतीला लागून ओढा, ४० मीटर खाली रस्त्याची मोरी (रस्त्याखालून ओढा जायची वाट), तिच्यात ६०० मिमीचे दोन नळे. तासभर जोराचा पाऊस झाला की पाणी मोरीमागे फुगतं आणि पार्किंगमध्ये गुडघाभर चढतं. तळमजल्याच्या संडासातूनही उलटं येतं. पोर्टलवर तीन तक्रारी केल्या, तिन्ही 'नालेसफाई केली' असा शेरा मारून बंद. मोरी मोठी करून हवी आहे. अर्ज कसा लिहायचा? पावसाआधी काय होऊ शकेल?

पाणलोट:
आधी दोन दुखणी वेगळी करा. संडासातून येतं ते मैलावाहिनीचं, पार्किंगमध्ये येतं ते ओढ्याचं. एकाच अर्जात दोन्ही घातलीत तर कागद टेबलाटेबलांवर फिरत राहील. दोन अर्ज, दोन आवक क्रमांक.

'पाणी साचते' एवढंच लिहिलं की उत्तर नालेसफाईचंच येणार, कारण ते कंत्राट दिलेलंच असतं. मोरी अपुरी आहे हे आकड्यांत मांडा. गूगल अर्थवर मोरीच्या वरचा पाणलोट, म्हणजे जिथलं पाणी मोरीकडे येतं ते क्षेत्र, मोजा. हेक्टर गुणिले ताशी पाऊस मिमीमध्ये, गुणिले ०.७ (बांधीव वस्तीत पावसाचा एवढा हिस्सा वाहून येतो), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंद. १० हेक्टर आणि ताशी ५० मिमी धरले तर ०.९७ येतं. २०० ला १ उतारावर ६०० मिमीचा नळा पूर्ण भरून ०.४३ वाहतो, दोन मिळून ०.८७. म्हणजे कणभर गाळ नसला तरी तुंबणार. ९०० मिमीचा एकच नळा १.२८ नेतो, व्यास दीडपट, वहन जवळपास तिप्पट.

तिसरा ६००चा नळा कागदावर पुरेल, पण फांद्या, गाद्या, थर्माकोल लहान तोंडालाच अडकतात. स्लॅब किंवा बॉक्स मोरी (नळ्याऐवजी चौकोनी, रुंद तोंडाची) मागा. (५० मिमी जास्त वाटतात? मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमीच्या हिशेबाच्या होत्या, २००५ नंतर काम ५०च्या हिशेबाने सुरू झालं.)

अर्ज करण्याआधी कोरड्या दिवशी मोरीत टॉर्च मारून बघा. आडवी गेलेली जलवाहिनी किंवा केबलचा डक्ट दिसला तर फोटो काढा. तो हलवणं मोरी बांधण्यापेक्षा खूप स्वस्त. आणि खालची पुढची मोरीही मोजा. ती याहून लहान असेल तर तुमचं पाणी फक्त शेजाऱ्याकडे जाईल.

नियमवाला:
पोर्टलसोबत क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, प्रत आयुक्तांना, पोच शिक्क्यासह. गटारं बांधणं आणि साफ ठेवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार पालिकेचं बंधनकारक काम आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. नवी मोरी अंदाजपत्रकात बसावी लागते. कामांची यादी हिवाळ्यात ठरते, त्यामुळे अर्ज दिवाळीआधी पोचायला हवा.

तोवर माहिती अधिकार. 'सफाई का झाली नाही' असा प्रश्न विचारू नका, कागद मागा: या ओढ्याच्या सफाईचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची (झालेलं काम मोजून लिहायच्या वहीची) पानं, गाळ वाहून नेलेल्या खेपांच्या नोंदी, आधीचे-नंतरचे फोटो. एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. गाळ काठावरच टाकला असेल तर खेपांच्या नोंदीत ते उघडं पडतं.

'निधी नाही' असं उत्तर आलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८०चा रतलाम नगरपालिका निकाल जोडा. उघड्या गटारांचंच प्रकरण होतं आणि पैसे नाहीत ही सबब न्यायालयाने मानली नाही. तो खटला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ (सार्वजनिक उपद्रव हटवणं) खालचा. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. अर्ज कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे. हे शेवटचं हत्यार, पहिल्या महिन्यात काढू नका.

ओढाकाठी:
पाणलोट मोजला, १४ हेक्टर. खालची मोरी स्लॅबची, दोन मीटर रुंद. सभासदांचं म्हणणं, यंदा ओढ्याकडची भिंत पाच फूट वाढवू.

पाणलोट:
१४ हेक्टरला १.३६ लागतात, तुमची मोरी ०.८७ची. अर्जात हे दोनच आकडे ठळक लिहा.

भिंत वाढवू नका. सीमाभिंत पाण्याचा आडवा दाब धरण्यासाठी बांधलेली नसते. पाच फूट पाणी मीटरभर लांबीच्या भिंतीला साधारण एक टनापेक्षा जास्त रेटतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात सीमाभिंती कोसळून माणसं गेली.

यंदापुरतं: सोसायटीच्या शेवटच्या मैला चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या, दर महिन्याला उघडून झडप साफ करा. झडप बंद असताना वरच्या मजल्यांचं पाणीही बाहेर जात नाही, त्यामुळे तेवढा वेळ सगळ्यांनीच नळ आवरायला हवेत. लिफ्टच्या खड्ड्यातल्या पंपाची विजेची जोडणी आणि मीटरची पेटी गेल्या वर्षीच्या पाण्याच्या खुणेच्या दोन फूट वर घ्या. त्या खुणेवर ऑइलपेंटने रेघ मारून तारीख लिहा, पाहणीला अभियंता आला की पहिली तीच दाखवा.