पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा हक्क

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती बंधनकारक केली, म्हणजे मुलांच्या खासगीपणाचा प्रश्न सुटला, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास घातलेली मनाई मोलाचीच आहे. परंतु १७ वर्षांच्या मुलीला आपली माहिती पुसून हवी असेल आणि पालकच राजी नसतील, तर तिने काय करावे, हे या कायद्यात सापडत नाही, कारण मुलांच्या वतीने हक्क बजावण्याचे काम त्याने पालकांकडेच सोपवले आहे.

या संदर्भात आधारचाही उल्लेख करायला हवा. आधार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, बालपणी पालकांच्या संमतीने नोंदणी झालेल्या व्यक्तीला १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत आपला आधार क्रमांक रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. ही मुदत फारच तोकडी आहे, आणि ती अनेकदा नेमकी बारावीनंतरच्या प्रवेशाच्या धावपळीत निघून जाते. तरीही पालकांनी दिलेली संमती सज्ञान झाल्यावर स्वतः तपासण्याची अशी स्पष्ट संधी शाळांच्या आणि शिकवण्यांच्या ॲपवर साठलेल्या माहितीबाबतही मुलांना मिळायला हवी, असे मला ठामपणे वाटते.