भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मतदान

ब्रिटनमधली लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा शिक्का मारणं, असं काही जण म्हणतात. शिक्का नाही हो, पेन्सिल! दोरीला बांधलेली बुटकी पेन्सिल आणि नावापुढे फुली. पहिल्यांदा मला धाकधूकच झाली, कुणी खोडलं तर? (स्वतःचं पेन चालतं, हे नंतर कळलं.)

आणि हो, भारतीय पासपोर्टवरच केलं मतदान. कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुल देशाचा (भारत त्यात आलाच) नागरिक कायदेशीर व्हिसावर इथे राहत असेल तर यादीत नाव घालता येतं, अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा, आपल्या कित्येक मंडळींना हे ठाऊकच नसतं. फक्त २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटो आयडी लागतो.

पण खरी गंमत मतदानाबाहेर आहे. आमच्या गल्लीत शेजाऱ्याला मागे खोली वाढवायची होती तर विजेच्या खांबावर प्लॅस्टिकमध्ये घातलेली नोटीस लटकली, २१ दिवसांत हरकत कळवा म्हणून. समोरच्या आजींनी उन्हाच्या मुद्द्यावर दोन पानी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याला केक नेऊन दिला! खासदारसुद्धा मतदारसंघात 'सर्जरी' भरवतात, म्हणजे ऑपरेशन नव्हे, गाऱ्हाणी ऐकायची वेळ.

सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, २०२४ च्या पार्लमेंट निवडणुकीत लेबर पक्षाला साधारण ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. पण त्याच निकालाच्या रात्री तेव्हाचे पंतप्रधान सुनक स्टेजवर निकाल ऐकत उभे आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला एक उमेदवार चक्क डोक्यावर कचरापेटी घालणारा काउंट बिनफेस, ३०८ मतं पडली त्याला.