मदत हवी आहे: नोकरीच्या मुलाखतीत किती खरं सांगावं?

दोन आठवड्यांनी डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखत आहे. चार ठिकाणी अडलंय.

१. मागच्या दोन नोकऱ्यांच्या मधे ८ महिन्यांचा गॅप आहे. कारण आजारपण. आता पूर्ण बरी आहे.
२. सध्याच्या मॅनेजरशी पटत नाही, म्हणून नोकरी बदलायची आहे.
३. रेझ्युमेवर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) दोन्ही लिहिलंय, पण पायथन कामापुरतंच येतं.
४. पगार थोडा फुगवून सांग, असा सल्ला सगळीकडून मिळतोय.

खोटं बोलायचं नाही. पण सगळंच सांगत बसले तर पहिल्याच फेरीत बाद होईन, अशी धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. काही माहिती कागदांवरून पडताळली जाते: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, पदवी, पगार. ही जशीच्या तशी सांगायची, एका महिन्याचाही फरक नको. बाकीच्या गोष्टींत काय सांगायचं आणि किती, हे तुम्ही ठरवायचं. पण जे सांगाल ते खरंच असलं पाहिजे.

गॅप लपवायला बरेच जण रेझ्युमेवर नुसती वर्षं लिहितात. मार्च २०२२ ला एक नोकरी संपली आणि डिसेंबर २०२२ ला दुसरी लागली, तर मधले ८ महिने दिसतच नाहीत. मग पडताळणीच्या फॉर्मवर तारीख-महिना भरावा लागतो आणि तेव्हा नेमका संशय येतो. गॅपमुळे जेवढं बिघडत नाही, तेवढं तो दडवल्यामुळे बिघडतं. महिन्यांसकट लिहा आणि विचारलं तर तीन वाक्यांत संपवा: "तब्येतीच्या कारणाने ८ महिने थांबले होते. आता पूर्ण बरी आहे. त्यानंतर सलग काम करते आहे." इथे थांबायचं. घाबरलेला माणूस पुढे बोलत राहतो आणि नको ते तपशील देऊन बसतो.

पगार अजिबात फुगवू नका. पगारपत्रक मागितलं की आकडा उघडा पडतो. फिक्स्ड (ठरलेला) किती, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा) किती आणि त्यातला प्रत्यक्ष हातात किती आला, हे वेगळं सांगा. जास्त हवा असेल तर अपेक्षा म्हणून सरळ मागा. अपेक्षा कितीही सांगितली तरी ते खोटं ठरत नाही. ऑफर लेटरमध्ये बहुधा एक कलम असतं: दिलेली माहिती खोटी निघाली तर रुजू झाल्यावरही काढता येईल. ते कलम नीट वाचा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त आजारपणाबद्दल थोडं वेगळं मत. "तब्येत" हा शब्दही वापरायलाच हवा असं नाही. "वैयक्तिक कारण होतं, ते आता मिटलं आहे" हेही तितकंच खरं आहे. मात्र त्या काळात कोर्स किंवा फ्रीलान्स काम केलं नसेल तर केलं म्हणू नका.

पायथनबद्दल: "येतं" की "येत नाही" यात अडकू नका, काय करता येतं ते सांगा. "फाइल वाचणं, कॉलम साफ करणं, दोन टेबलं जोडणं मी स्वतः करते. मोठी स्क्रिप्ट लिहायची असेल तर संदर्भ बघावा लागतो. एसक्यूएलमध्ये रोजचं काम आहे." रेझ्युमेवरही दोन्ही एकाच पातळीची असल्यासारखं न लिहिता "एसक्यूएल (रोजचा वापर), पायथन (प्राथमिक)" असं करा. मुलाखतीच्या आधीच करा.

फुगवलेलं कौशल्य बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. समजा, "विक्रीचा अहवाल पायथनमध्ये ऑटोमेट केला" असं म्हणालात. पहिला प्रश्न: डेटा कुठून यायचा? हे पाठ असतं. दुसरा: तारखा दोन फॉरमॅटमध्ये आल्या तर काय करायचात? अडखळत निभतं. तिसरा: एखाद्या दिवशी फाइल आलीच नाही, तर कळायचं कसं? ज्याने ते काम केलंय त्याला ही डोकेदुखी आठवते, तो लगेच बोलायला लागतो. न केलेला माणूस इथे गप्प होतो आणि मग त्याच्या खऱ्या कामांवरचाही विश्वास उडतो. म्हणून टीमने केलेल्या कामात "आम्ही" आणि "मी" वेगळे ठेवा: "डिझाइन टीमचं होतं, क्वेरी मी लिहिल्या."

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रेझ्युमे आजच बदलते. मॅनेजरबद्दल काय बोलू? आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलंच नाही तर?

प्रतिसाद ३

मॅनेजरबद्दल: माणसावर बोलू नका, कामावर बोला. समोरच्याला दुसरी बाजू माहीत नसते, त्यामुळे तक्रार कितीही रास्त असली तरी तो तुम्हालाच जोखतो. तुमचं नक्की कशावरून पटत नाही ते आधी स्वतःशी लिहून काढा. प्राधान्यक्रम रोज बदलत असतील तर: "सध्या तातडीची कामं जास्त येतात, विश्लेषण शेवटपर्यंत नेता येत नाही. तसं काम मला हवं आहे." हे खरं असेल तरच म्हणा. वर लगेच विचारा की त्यांच्याकडे कामाचा क्रम कोण ठरवतं. त्या उत्तरावरून तुम्हालाही कळेल की तोच त्रास तिथे वाट बघतोय का.

उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही" आधी म्हणा, मग त्याच्या जवळचं जे येतं ते सांगा आणि शोधायचं झालं तर सुरुवात कुठून कराल ते. नुसतं "माहीत नाही" म्हणून थांबलात तर संवाद तुटतो.

अजून दोन गोष्टी. सध्याच्या कंपनीचे आतले आकडे किंवा ग्राहकांची नावं विचारली तर "ते गोपनीय आहे" म्हणा आणि प्रमाणात बोला: अहवालाचा वेळ निम्म्यावर आला, वगैरे. आणि नोटिस पीरियड ६० दिवसांचा असेल तर ६० च सांगा. "३० मध्ये सुटेन" असं कंपनीकडून लेखी मिळाल्याशिवाय म्हणू नका, रुजू व्हायची तारीख त्यावरच ठरते.